पोचे आलेली भांडी

(चंद्रपुरात युवकांच्या कवितावाचन बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)

दोस्तांनो, आणि तिकडं दाराजवळ चपलांशेजारी बसलेल्या मायबायांनो, जयभीम.

मला इथं कविता वाचायला बोलावलंय. खिशात कागद आहेत, पण वाचणार नाही. मागच्या १६ ऑक्टोबरला याच गावात मी दुसऱ्या कुणाची तरी कविता ऐकली आणि तेव्हापासनं माझे कागद मला वाचवेनात. त्या कवितेवर बोलतो. समीक्षा मला येत नाही. मी मॅट्रिक पास, मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उतरवणारा माणूस. उचललेल्या वस्तूचं वजन तेवढं सांगता येतं.

१६ ऑक्टोबर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. १९५६ साली नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी इथं चांद्याला दीक्षा दिली. आमच्या वडशाकडनं तेव्हा लोक बैलबंडीनं, पायी आले, असं आजी सांगायची. आता आपण रेल्वेनं येतो. रात्री भाषणं संपल्यावर मंडपामागं सतरंजी टाकून आम्ही पंधरा-वीस जण कविता वाचत बसलो होतो. नेहमीचाच माल. सूर्य, मशाल, रक्त, ज्वालामुखी. माझ्या कवितेत तर दोन ज्वालामुखी होते. मग चाळिशीतली एक बाई उठली. वहीतला फाडलेला कागद, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं. तिनं नाव सांगितलं नाही. नंतर मला सांगितलं, पण कुठं घेऊ नको म्हणून बजावलं, तेव्हा घेत नाही.

कविता म्हणजे भांड्यांची यादी. ऐकताना वाटलं, बाई बचत गटाचा हिशेबच वाचतेय. गंज, गुंड, परात, तांब्या. प्रत्येक भांड्याला किती पोचे आणि प्रत्येक पोचा कुठल्या दिवसाचा. एक रोवण्याच्या दिवसातला, मजुरीचे पैसे तिनं पोरीच्या चपलेला ठेवले तेव्हाचा. एक ती ग्रामसभेत पहिल्यांदा बोलली त्या रात्रीचा. एक पोरगी दहावी पास झाली त्या संध्याकाळचा. आख्ख्या कवितेत नवरा हा शब्द नाही. मी हा शब्दही नाही. मार हा शब्द नाही. शेवटी ती सगळी भांडी बाजारात मोडीत घालायला नेते आणि दुकानदार काट्यावर टाकतो तर वजन नव्यासारखंच भरतं. पोच्यानं वजन कमी होत नाही. ती तांब्या तेवढा परत मागून घेते, त्यात पाणी भरते, आणि बसस्टँडवर उभी राहते. संपली कविता. गाडी कुठली, कुणाकडं जाणारी, काही नाही.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मग आपल्यातलाच एक कार्यकर्ता, चांगला अभ्यासू पोरगा, तो म्हणाला, ताई, अनुभव खरा आहे, पण सामाजिक भान कमी पडतं, कविता फार व्यक्तिगत झाली. ती काही बोलली नाही. कागदाची घडी केली, ब्लाऊजमध्ये ठेवली आणि भोजनदानाची भांडी घासायला गेली. हो, भांडीच. हे मी जोडलेलं नाही, घडलं तसं सांगतोय.

मीही काही बोललो नाही. का नाही बोललो, त्याचंच हे भाषण आहे.

माझा जन्म वडशाचा. नदी ओलांडली की ब्रह्मपुरी, म्हणजे जिल्हा चंद्रपूर. अलीकडं आम्ही, जिल्हा गडचिरोली. १९८२ साली जिल्हा वेगळा झाला आणि १९९३ साली आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आली. मी त्यानंतर जन्मलो. म्हणजे मी दारूबंदीतला पोरगा. माझा बाप राइस मिलमध्ये पोती उचलायचा आणि शनिवारी पगार झाला की पूल ओलांडायचा. वैनगंगेवर एकच माणूस, जाताना हमाल आणि येताना राजा. पुलावरनं गाणं ऐकू आलं की माय चूल विझवायची. मला आधी वाटायचं, धूर होऊ नये म्हणून. जळतं लाकूड त्याच्या हाताला लागू नये म्हणून विझवायची, हे पुढं कळलं.

मी खाटेखाली. खाटेखालून काही दिसत नाही, पाय दिसतात. पण ऐकू येतं. जर्मनचा गंज भिंतीवर आपटला तर आवाज बसका येतो, पितळेचा गुंड असला तर बराच वेळ घुमतो. घुमला की मी आकडे मोजायचो. अंगावर काही आदळलं तर मात्र आवाजच होत नाही, म्हणून मला भांड्यांचा आवाज बरा वाटायचा. शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवायचे. सकाळी हापशीवर बाया विचारायच्या, का वं, रात्री का पडलं? माय सांगायची, गंज हातून सटकला. त्या सगळ्या मान हलवायच्या. आमच्या वस्तीत सगळ्याच बायांचे हात निसरडे होते.

आता त्याच वडशाची एक गोष्ट सांगतो. ती मला तिथं कुणी सांगितली नाही, मुंबईत एका व्याख्यानात ऐकली आणि मागच्या रांगेत बसल्या जागी मला घाम फुटला. वडसा म्हणजेच देसाईगंज. तिथल्या पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये मथुरा नावाच्या आदिवासी मजूर पोरीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची ती केस. तेव्हा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. १९७४ साली इथल्या सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. काय म्हणून? तर पोरीच्या अंगावर इजेच्या खुणा नाहीत, तिनं प्रतिकार केल्याचं दिसत नाही. मग १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, त्यात वसुधा धागमवार होत्या, उपेंद्र बक्षी होते. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. त्याच १९८३ साली नवऱ्याच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलमही आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ८५ नंबरचं आहे.

आमच्या गावच्या एका मजूर पोरीपायी देशाचा कायदा बदलला आणि आमच्या शाळेत तिचं नाव कुणी घेतलं नाही. पण मी ते सांगत नाहीये. मी खुणांबद्दल सांगतोय. कोर्ट म्हणालं खुणा कुठं आहेत. घरातला मार तर खुणा नेमक्या कुठं ठेवायच्या नाहीत हे शिकूनच येतो. पाठीवर पडतो, डोक्यात केसांखाली पडतो, पदराखाली पडतो. उरल्या खुणा भांड्यांवर. त्या बाईनं काय केलं? न्यायालयाला दिसल्या नसत्या त्या खुणा तिनं वार-तिथीसकट नोंदवून ठेवल्या. आपण पंचनामा म्हणतो तो हा. आणि आपण म्हणालो, व्यक्तिगत झालं.

तुम्ही म्हणाल, दारू. मलाही तसंच वाटायचं. बायांनाही वाटलं आणि त्या चुकल्या नाहीत. दारू ज्यांच्या डोक्यावर फुटते त्यांनाच ती कळते. गडचिरोलीतली बंदी काही सरकारनं सुचलं म्हणून केली नाही, त्याआधी लोक आणि बाया काही वर्षं झगडत होत्या. चंद्रपूरच्या बाया तर डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या. थंडीत, प्लास्टिकच्या चपलांत. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी झाली. २०२१ मध्ये ती उठली. कारणं सांगितली गेली की चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला. बुडाला असेल. त्या बायांना विचारायला कुणी मंडपामागं गेलं होतं का, मला माहीत नाही.

पण दोस्तांनो, मी पीत नाही. आजवर थेंब घेतलेला नाही. पंचशीलातलं पाचवं शील मी बापाकडं बघून घेतलं, भन्तेजींकडं नंतर. आणि तरी.

इथं मी जरा थांबतो. बायकोला मी फोनवर विचारलं होतं, हे सांगू का म्हणून. ती म्हणाली, सांगायचं तर सांग. पन माझं नाव घेऊ नको, आन् रडू नको. तू रडलास का लोक तुलेच पानी देतील. म्हणून रडत नाही. पाण्याचा ग्लास कृपा करून तिकडं ठेवा.

शिवडीला आमची खोली आहे, दहा बाय दहाची. गोदीत कायमचे कामगार आता थोडे उरले, १९८९ पासनं न्हावाशेवा सुरू झालं आणि हळूहळू माल तिकडं गेला. आम्ही कंत्राटी. बोट लागली तर काम, नाही लागली तर गेटवर बसायचं. गेल्या पावसाळ्यात दोन पाळ्या सलग केल्या होत्या, लोखंडाच्या कॉइली होत्या. मुकादमानं दुसऱ्या पाळीचे पैसे लावले नाहीत. वर आईवरनं शिवी दिली, जातीवरनं दिली. मी ऐकून घेतली. घरी आलो. बायकोनं विचारलं, पैसे आणले का, पोरीला ताप आहे. मी मारलं तिला. एकदा नाही. तिच्या हातात माझा जेवणाचा डबा होता, तो उडून मोरीच्या कठड्यावर आदळला. स्टीलचा आवाज वेगळा असतो, चिरका. पोरगी तीन वर्षांची. ती कुठं होती ते मी पाहिलं नाही. खोलीत खाट नाही आमच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदीत डबा उघडायला गेलो तर झाकण निघेना. कडेला पोचा आलेला. आतली भाजी-भाकरी तिनंच दिलेली. मी हुकानं ठोकून कड सरळ केली, बराच वेळ ठोकली. शेजारचा म्हणाला, काय रे, पडला का डबा? मी म्हणालो, हातून सटकला.

यावर आपल्याकडं एक तयार उत्तर आहे, आणि ते मी स्वतः सभांत दिलेलं आहे. की व्यवस्थेनं पिचलेला माणूस घरी राग काढतो. मालक मजुराला मारतो, मजूर बायकोला मारतो, दोष मालकाचा. ऐकायला बरोबर वाटतं. पण मग माझा हात मुकादमावर का नाही उठला? तो समोर होता, कारण ताजं होतं, हातात हुक होता. शिवी त्यानं दिली, मार तिनं खाल्ला. रागानं डोळे आंधळे होतात म्हणतात. काय आंधळे होतात! माझ्या रागाला बरोब्बर दिसत होतं, कोण उलटून मारेल, कुणाच्या पाठीशी कंत्राटदार आहे आणि कुणाच्या पाठीशी कुणीच नाही. सवर्ण पाटील आपल्या वस्तीवर हात टाकतो तेव्हा याच हिशेबानं टाकतो. त्याच्या हिशेबाला आपण जातव्यवस्था म्हणतो. माझ्याला काय म्हणायचं?

दोन महिन्यांनी बायको पोरीला घेऊन आरमोरीकडं माहेरी गेली, पोळ्याला म्हणून. परत आली नाही. मी तिला आणायला म्हणून ऑक्टोबरात रजा टाकून निघालो आणि वाटेत चांद्याला उतरलो. तिथं ती कविता माझ्यापुढं आली. टाळ्या वाजवताना माझे हात मला दिसत होते. म्हणून बोललो नाही.

मग दुसऱ्या दिवशी आरमोरीला न जाता आधी वडशाला घरी गेलो. बाप जाऊन सहा वर्षं झाली. मायला मी कवितेचं सांगितलं. मला वाटलं, ती रडेल. ती उठली, मांडणीवरनं एकेक भांडं काढून माझ्यापुढं ठेवलं. हा तुझ्या बहिणीच्या वेळचा, तेव्हा सातवा महिना होता. हा मी रोजगार हमीवर गेली तवाचा. हा कायचा होता, हां, भाजीत मीठ. तिला सगळे पाठ. कवितेतल्यासारखेच, फक्त तिनं लिहिले नव्हते. एका गंजावर आली, त्याच्या काठाला खोल पोचा. मी म्हणालो, हा आठवतो मला, हा बाबांनी. माय म्हणाली, नाही बापू. हा तुहा. तू आठवीत होतास. भात कच्चा रायला म्हनून फेकलास. माह्या कोपराले लागला होता.

मला आठवत नाही. शपथेवर सांगतो, मला अजिबात आठवत नाही. खाटेखाली मोजलेले आकडे आठवतात, गुंडाचा घुमारा आठवतो, पण हा नाही. तेव्हा मला त्या कवितेचं काय ते कळलं. भांड्याचा पोचा दोघांच्या घरात असतो, आठवण एकाच्याच घरात असते. मी आजवर माझ्या कवितांत खाटेखालचा पोरगा लिहिला, त्यावर मला टाळ्या मिळाल्या. खोटा नव्हता तो. पण खाटेबाहेर आलेला पोरगा मी एकदाही लिहिला नाही. माझा बाप शनिवारी रात्री एखादी गोष्ट विसरायचा आणि रविवारी मायला म्हणायचा, कोपराला काय लागलं गं? ते नाटक आहे असं मला वाटायचं.

व्यक्तिगत म्हणणाऱ्या आपल्या दोस्ताला आता उत्तर देतो, त्या रात्री द्यायचं राहिलं ते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायांपैकी साधारण चौघींत एकीनं नवऱ्याचा मार सोसल्याचं सांगितलं. सांगितलं त्या तेवढ्या. हात सटकला म्हणणाऱ्या वेगळ्या. चौथ्या घराचं दुखणं व्यक्तिगत कसं?

आणि आपल्याच चळवळीचं बघा. १९८४ साली मल्लिका अमरशेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ लिहिलं. शाहीर अमर शेखांची मुलगी, स्वतः कवयित्री, पँथरच्या नामदेव ढसाळांची बायको. ढसाळांच्या कवितेनं मला लिहायला शिकवलं, ते ऋण मी नाकारत नाही. पण त्या घरात काय चाललं होतं ते त्या पुस्तकात आहे, मारहाणीसकट आहे. आपल्या किती अभ्यासवर्गांत ते पुस्तक वाचलं गेलं? फलटणच्या बेबीताई कांबळे. ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तक झालं, पण त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी ते नवऱ्यापासनं लपवून ठेवलं होतं. दुकानात बसून रद्दीच्या कागदांवर लिहायचं आणि दडवायचं. पुस्तकात आपल्या बायांना होणारी मारहाण त्यांनी लिहिली, स्वतःची लिहिली नाही. ती पुढं माया पंडितांना मुलाखतीत सांगितली. मुंबईला सभेला निघालेले दोघं, रेल्वेत गर्दी, कुणी पोरं बाईकडं बघतात, आणि नवरा संशयानं मारतो, नाकातनं रक्त येतं. कुठं निघाले होते? सभेला. आपल्यासारख्याच.

बाबासाहेब २० जुलै १९४२ ला नागपुरात आपल्या बायांच्या परिषदेत बोलले. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. बाईनं नवऱ्याची मैत्रीण व्हावं, बरोबरीची व्हावं, दासी होऊ नये, असं ते सांगून गेले, आणि त्या परिषदेनं घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला. १९४२ साली. घर सोडून जाणाऱ्या बाईच्या बाजूनं आपल्या बाया तेव्हा उभ्या राहिल्या. आणि आज माझी बायको माहेरी राहिली तर आपलेच लोक मला म्हणतात, समजूत काढून आण, चळवळीतल्या माणसाची बदनामी होते.

कायदा आहे. २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला, मी आठ वर्षांचा होतो. त्यात फक्त मार नाही, शिवीगाळ आहे, पैसे अडवणं आहे, बाईला राहत्या घरातनं काढता येत नाही हे आहे. संरक्षण अधिकारी आहे. अर्जावर तीन दिवसांत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकाल असं त्यात लिहिलंय. लिहिलंय म्हणतो. माझ्या मायला त्या कायद्याचं नाव कुणी सांगितलं नाही. आपली वाचनालयं होती, जयंतीच्या वर्गण्या होत्या, दर बुद्धपौर्णिमेला व्याख्याता यायचा. तो घटनेवर बोलायचा. माय मागं बसून ऐकायची, हात जोडून.

आता दाराजवळच्या बायांना विचारतो, तुमच्यापैकी कुणी लिहून आणलंय का? असेल तर इथं समोर या. माझा वेळ उरलाय तो तुम्ही घ्या. आणि ऐकल्यावर व्यक्तिगत की सामाजिक ते आम्ही सांगणार नाही.

मी मागच्या खेपेला आरमोरीला गेलो होतो. ती दारात उभी राहून बोलली, आत ये म्हणाली नाही. पोरगी तिच्या मागं. आणायला येऊ नको, म्हणाली, भेटायला ये, आन् सांगून ये. महिन्याला पैसे पाठवतो ते घेते. येणार का, हे मी विचारलेलं नाही, तिनंही सांगितलेलं नाही. या खेपेला सांगितलंय. चांदाफोर्टहून गोंदियाची पॅसेंजर धरून वडशाला उतरायचं आणि पुढं बस. डबा माझ्याजवळच आहे, अजून झाकण नीट बसत नाही.

तुम्ही या ना ताई, पुढं या. माईक इथं आहे.